पंचावन्न किलोच्या आत

त्या हिवाळ्यात मी अकरा दिवस भात खाल्ला नाही. गोंदियाकडच्या माणसानं असं काही सांगितलं की समोरचा आधी विचारतो, "शुगर निघाली का?" मला शुगर नव्हती. मी चौतीस वर्षांचा होतो, गोंदियाजवळ फुलचूरला भाड्यानं राहत होतो, आणि जवळच्या एका राईस मिलमध्ये धान उकडायच्या विभागात कामाला होतो. दिवसभर उकडलेल्या धानाच्या वाफेत उभं राहायचं आणि संध्याकाळी घरी येऊन अर्धी पोळी आणि वांग्याचा रस्सा घेऊन बसायचं, असं चाललं होतं. बायको समोर बसून भात कालवायची. तिला माझी कीव यायची आणि रागही यायचा. राग जास्त होता, आणि तो बरोबर होता.

हे सगळं वजनासाठी होतं. आमच्या भागात गावोगावची कबड्डी वजनावर चालते. पंचावन्न किलोचा गट म्हणजे संघातला प्रत्येक खेळाडू काट्यावर पंचावन्नच्या आत भरला पाहिजे. दिवाळीनंतर धान घरात आलं की मंडया, म्हणजे आमच्याकडच्या जत्रा, सुरू होतात. कुठे बैलांचा शंकरपट, कुठे नाटक, आणि दर दोन गावांआड एखादी कबड्डीची टूर्नामेंट. तिचा काटा धान मोजायचाच असतो. धान खरेदीचा इलेक्ट्रॉनिक काटा ट्रॅक्टरवर घालून ग्रामपंचायतीच्या ओट्यावर आणतात, त्याच्यावरचा भुसा हातानं झाडतात, आणि खेळाडू चड्डीवर कुडकुडत रांगेत उभे राहतात. पन्नास ग्रॅम जास्त भरले तरी माणूस बाहेर. त्यात मामा-काका चालत नाही.

बाहेरच्या माणसाला हे हास्यास्पद वाटेल, पण या काट्यानंच आमच्यासारखी बारीक हाडांची माणसं खेळात टिकली. पंजाबी अंगाचे पैलवान आमच्या गावात पैदा होत नाहीत. पंचावन्न किलोत मात्र आम्ही कोणाच्या बापाला ऐकत नव्हतो. एकोणिसाव्या वर्षी मी गावच्या संघात आलो आणि तेव्हापासून चढाई माझी. डाव्या कोपऱ्यातल्या गड्याला भुलवून उजव्याला पाय लावून यायचं, हे मला जमायचं. दुसरं काही फारसं जमलं नाही. बारावी दोनदा, पोलीस भरती तीनदा, आणि शेवटी मिल.

आमचं गाव नवेगाव बांधच्या तलावाकडचं. तिथं माझे बाबा राहायचे, आणि बाबांना हा काटा मान्य नव्हता. त्यांच्या काळात हुतुतू होता. धान कापून झालं की गावाजवळची एखादी बांधी, म्हणजे धानाचं खाचर, निवडायची, ती नांगरायची, ढेकळं फोडायची, वरून भुसा पसरायचा, की झालं मैदान. या गावचे सात आणि त्या गावचे सात. कोण जाडा, कोण बारका, कोणी विचारायचं नाही. बाबा पाच फूट तीन इंच होते, पण त्यांचा दम असा होता की पलीकडच्या गावचे लोक अजून सांगतात: तुझा बाप आमच्या अंगणात येऊन उभा राहायचा आणि आम्हीच थकायचो. हे मला परक्यांनी सांगितलं. बाबांनी स्वतः कधी सांगितलं नाही.

मी पहिल्यांदा वजनी गटात खेळायला निघालो तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मानूस का धानाचा पोता आहे, मोजून घ्याले?" त्यानंतर पंधरा वर्षांत ते माझा एकही सामना बघायला आले नाहीत. गावात सामना असला की ते तलावाच्या पाळीवर मासे धरणाऱ्यांजवळ जाऊन बसायचे. लाउडस्पीकरवर माझं नाव तिथपर्यंत ऐकू जायचं, एवढं मला माहीत होतं. मी जिंकून आणलेल्या ढाली फळीवर असायच्या. त्यातल्या एका ढालीवर बाबा आपला चष्मा ठेवायचे. मला याचं वाईट वाटायचं. लग्न झालं, मुलगी झाली, तरी वाटायचं.

मग त्यांची फुप्फुसं गेली. एकदम नाही, दोन वर्षांत हळूहळू. आधी बांधीतून घरी येताना दोनदा बसायचे, मग अंगणातून आत येताना बसायला लागले, मग खाटेवरच. ऑक्सिजनचं मशीन आणलं, वीज जाते म्हणून सिलेंडरही आणलं. गोंदियाच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि हिंदीत म्हणाले, "अब जितने दिन हैं, घर पे रखो. जो खाना चाहे, खिलाओ." मी मान हलवली आणि औषधाच्या दुकानापुढे जाऊन रडलो. ज्या माणसाच्या दमाच्या गोष्टी मी लोकांकडून ऐकल्या, तो माणूस आता एक वाक्य तीन तुकड्यांत बोलत होता.

डिसेंबरात एका रविवारी मी गावी गेलो होतो. आई चुलीजवळ होती. बाबांनी नाकातली नळी जरा सरकवली आणि विचारलं, "यंदा आपल्या गावची टूर्नामेंट आहे मन्ते?"

"हो बाबा."

"तू खेलून राहिला का?"

मी त्या वर्षी एकही सामना खेळलो नव्हतो. वजन वाढलं होतं, गुडघा दुखायचा, आणि संघात माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान खेळाडू आले होते. मी खेळणार नव्हतो. पण पंधरा वर्षांत त्यांनी हा प्रश्न पहिल्यांदा विचारला होता. मी "हो" म्हटलं.

"मंग मले एक खुर्ची ठेवजो. समोर," ते म्हणाले आणि नळी परत नीट केली.

फुलचूरला परत आल्यावर मिलच्या काट्यावर उभा राहिलो. अठ्ठावन्न किलो नऊशे. टूर्नामेंटला बारा दिवस होते.

गावच्या संघाच्या कॅप्टनला फोन केला. घोटा कसा धरायचा हे मीच त्याला शिकवलं होतं. तो आधी गुडघा कसा आहे ते विचारत राहिला. मग म्हणाला, "भाऊ, राग नका मानू, पन कायले जिवाले तरास देता? पोरं तयार आहेत आपले."

मी म्हटलं, "माझी जागा ठेव. बाबा येऊन राहिले पाहाले."

बाबांचं नाव काढल्यावर त्यानं पोरांचा विषय सोडला. पलीकडून फक्त म्हणाला, "काट्यावर मात्र बसा लागन, भाऊ. तो आपल्या हातात नाही."

दुसऱ्या दिवसापासून भात बंद, मीठ बंद, साखर बंद. मिलमध्ये धान उकडायच्या टाक्या आहेत. त्यांच्या बाजूला एक अरुंद जागा आहे, तिथं वाफ कोंडते आणि उन्हाळ्यात माणूस पाच मिनिटंही उभा राहू शकत नाही. मी जेवणाच्या सुट्टीत रेनकोट घालून, वर घोंगडी गुंडाळून तिथं बसायला लागलो. सुरुवातीला सगळे हसले. चौथ्या दिवशी हसायचे थांबले. आमच्यासोबत छत्तीसगढचा एक म्हातारा हमाल होता, तो रोज तांब्या घेऊन माझ्यासमोर उभा राहायचा आणि म्हणायचा, "पानी पी ले रे, मर जाबे." मी चूळ भरून थुंकायचो. दिवसा घशाखाली जाऊ द्यायचो नाही. घरी बायको म्हणाली, "बापाले दाखवाले खेलता, आमाले कोन पाहाचा?" मी उठून अंगणात गेलो आणि दोरीच्या उड्या मारल्या.

सहा दिवसांत दोन किलो गेले. ते सोपे असतात, पाण्याचे असतात. पुढचे ग्रॅम मात्र हाडाला चिकटलेले असतात. वीस वर्षांच्या मुलाला एक दिवस उपाशी ठेवला की तो किलोभर उतरतो. चौतीसचा माणूस तेवढ्यात फक्त चिडचिडा होतो. मी चिडचिडा झालो होतो. मुलीनं सांडलेलं दूध पाहून मी तिच्यावर ओरडलो, आणि ओरडताना मनात हे आलं की ते दूध मला प्यायचं होतं. लाज वाटली, पण थांबलो नाही.

शेवटचे तीन दिवस सुट्टी टाकून मी गावी आलो. पहाटे स्वेटरच्या आत युरियाचं रिकामं पोतं घालून तलावाच्या पाळीवर पळायचं, तोंडात चिंच धरायची आणि पळता पळता थुंकत राहायचं. चिंचेनं लाळ सुटते, आणि थुंकीलाही वजन असतं. डिसेंबरातली थंडी, तलावावर धुकं, आणि त्यात मी पोत्यात बांधलेला, थुंकत पळणारा. पाळीवर भेटणारे ओळखीचे लोक बाजूला व्हायचे. त्यांना वाटलं असेल, मिलमध्ये काम करून याचं डोकं फिरलं.

पण घरी एक गोष्ट झाली, आणि तिच्यामुळे मी आणखी वेडा झालो. बाबा विचारायला लागले. मी पळून, धानाच्या काट्यावर वजन करून आलो की खाटेवरून विचारायचे, "किती रायला?"

"नऊशे ग्राम."

ते मान हलवायचे. दुपारी परत, "किती?"

"साडेसातशे."

"भातावानी नको सोडू एकदम. सवकास जाऊ दे." कधी म्हणायचे, "पाय चोरून घेजो, कंबर सांभारजो." कधी नुसतेच बघायचे. धानाचं पोतं म्हणून ज्यांनी पंधरा वर्षं माझ्या खेळाकडे पाठ फिरवली, ते आता माझ्यासोबत ग्रॅम मोजत होते. त्या दोन दिवसांत आम्ही जेवढं बोललो तेवढं आयुष्यात बोललो नसू. सगळं बोलणं ग्रॅमचंच होतं. मला तेवढं पुरेसं होतं. मला वाटलं, हा काटा एकदा पार केला, यांच्या डोळ्यांसमोर एकदा रेषा ओलांडली, की मग काहीही झालं तरी चालेल. आई म्हणायची, "पोराले पाहाचा आहे त्याच्या बापाले, हाडं नाही पाहाचे." आम्ही दोघंही तिचं ऐकत नव्हतो.

आदल्या दिवशी सकाळपासून मी पाण्याचा थेंब घेतला नाही. ओल्या फडक्यानं ओठ पुसायचो आणि फडकं लांब ठेवायचो.

सामन्याच्या दिवशी आठ वाजता काटा सुरू झाला. काट्यावर माणूस बाहेरगावचा बसवतात, म्हणजे कोणाची ओळख चालत नाही. त्या दिवशी एक चष्मेवाले गुरुजी बसले होते, मवाळ बोलणारे. मी नुसत्या चड्डीवर काट्यावर उभा राहिलो. पंचावन्न चारशे.

"साडेनऊपर्यंत काटा चालू आहे," गुरुजी म्हणाले. "धावून या."

मी शाळेच्या मागच्या रस्त्यानं पळालो. पाय उचलत नव्हते. घाम यायचा बंद झाला होता, अंगात घामच उरला नव्हता. परत आलो. पंचावन्न अडीचशे. परत गेलो, शेतातल्या पंपघराच्या पत्र्याला पाठ लावून उठाबशा काढल्या, घशात बोटं घातली, काही निघालं नाही. परत आलो. पंचावन्न दीडशे. नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. राखीव खेळाडू माझ्या नंबरची जर्सी घालून उभा होता आणि माझ्याकडे बघायचं टाळत होता. कॅप्टन म्हणाला, "भाऊ, राहू द्या आता. बाबाले मी समजावून सांगतो."

त्याच वेळी मैदानाच्या कडेला एक ऑटो थांबला. आई आणि शेजारच्या दोघांनी बाबांना हात देऊन उतरवलं. सगळ्यात पुढे ठेवलेल्या लाल प्लास्टिकच्या खुर्चीत त्यांना बसवलं, बाजूला सिलेंडर उभा केला. त्यांनी धुतलेला पांढरा सदरा घातला होता आणि चष्मा लावला होता. ते मैदानाकडे बघत होते, जिथं अजून कोणीच नव्हतं.

मी ओट्यावरून उडी मारली आणि मंडईच्या दुकानांकडे गेलो. चिंचेच्या झाडाखाली एक न्हावी खुर्ची आणि आरसा मांडून बसला होता, अर्जुनीकडून मंडईपुरता आलेला. मी खुर्चीत बसलो आणि म्हटलं, "डोकं करा. पूर्ण. मिशीही काढा."

त्याचा हात थांबला. आमच्याकडे बाप जिवंत असताना मुलगा मिशी काढत नाही. डोकं तर नाहीच नाही. खेळाडू वजनासाठी केस बारीक करतात, दाढी करतात, नखं कापतात, पण वस्तरा डोक्याला आणि मिशीला लागतो तो बाप गेल्यावरच. हे शेंबड्या मुलालाही ठाऊक असतं. न्हाव्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, "घरी काही झाला का, भाऊ?"

मी नाही म्हटलं असतं तर त्यानं वस्तरा लावला नसता. निदान दहा प्रश्न विचारले असते, कोणाला तरी बोलावलं असतं. माझ्याकडे पंधरा मिनिटं होती.

मी म्हटलं, "हो."

"कोन?"

"बाबा."

"कवा?"

"सकाळी."

तो चुकचुकला. मोबाइलवर गाणं लावलं होतं ते बंद केलं. घाटावर न जाता मी इथं कसा आलो, हे त्याच्या मनात आलं असेल, पण माझे खोल गेलेले डोळे आणि फुटलेले ओठ पाहून त्यानं विचारलं नाही. मी खरोखर मेलेल्या बापाचा मुलगा दिसत असणार. त्यानं माझं डोकं फार प्रेमानं भिजवलं. एक थेंब कपाळावरून ओघळून ओठावर आला, तो मी हातानं पुसून टाकला. वस्तरा फिरायला लागला. मागे त्यानं शेंडी ठेवली.

"तीही काढा."

"ते ठेवा लागते, भाऊ."

"काढा म्हटलं ना!"

त्यानं काढली. उठताना त्यानं माझ्यापुढे हात जोडले. मी हात जोडले नाहीत. मी काट्याकडे पळत सुटलो.

चोपन्न नऊशे पन्नास. त्यात केस किती आणि पळण्यात गेलं किती, देव जाणे. गुरुजींनी आकडा वहीत लिहिला, माझ्या डोक्याकडे पाहिलं, आणि परत वहीत पाहिलं. कॅप्टन म्हणाला, "भाऊ, हे काय करून टाकला?" मागे उभ्या असलेल्यांपैकी कोणी हसलं नाही. आमच्या संघात एरवी थट्टेला विषय लागत नाही. मी त्या राखीव मुलाच्या अंगातली जर्सी मागून घेतली आणि घातली.

मैदानात जायचा रस्ता बाबांच्या खुर्चीसमोरून होता. ते माझ्या लक्षात आलं नव्हतं, असं म्हणेन तर ते खोटं होईल. मला वाटलं, ते समजून घेतील. दोन दिवस ग्रॅम मोजले होते ना त्यांनी. मी समोर गेलो तेव्हा त्यांनी आधी मला ओळखलंच नाही. मग ओळखलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला. तोवर आईनं तोंडाला पदर लावला होता.

"काऊन रे," बाबा म्हणाले, मग दम घेतला. "मी मेलो का?"

"वजनासाठी, बाबा. फक्त वजनासाठी."

शिट्टी झाली आणि मी मैदानात गेलो.

पहिली चढाई माझी होती. मी रेषा ओलांडली आणि "कबड्डी" म्हणायला तोंड उघडलं, तर जीभ टाळूला चिकटली. या खेळात दम लागतो असं सगळे सांगतात. थुंकीही लागते, हे मला त्या दिवशी कळलं. ती सगळी मी तलावाच्या पाळीवर टाकून आलो होतो. दोनदा शब्द निघाला, तिसऱ्यांदा नुसता घोगरा आवाज. डाव्या कोपऱ्यातला गडी भुलला, खरंच भुलला, नेहमीसारखाच. मी उजवीकडे पाय टाकला आणि पोटरीत असा गोळा आला की पाय जागेवरच राहिला. त्यांनी मला धरलंही नाही नीट, मीच पडलो आणि ते माझ्यावर येऊन बसले. दोघांनी मला उचलून बाहेर आणलं. जर्सी काढून त्या मुलाला परत दिली. कोणीतरी तोंडाला पाण्याचा तांब्या लावला. तांब्या खाली घेऊन पाहिलं तेव्हा पुढची लाल खुर्ची रिकामी होती.

सामना आमच्या गावानं जिंकला. पुढचाही जिंकला.

घरी बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. आईनं मला एक जुनी माकडटोपी दिली आणि म्हणाली, "घरात घालून राय. मले पाहावत नाही." त्या संध्याकाळपासून आमच्या दारात बायका यायला लागल्या. कोणी सरळ म्हणायचं, कोणी आडून: बाप बसला असताना पोरानं डोकं केलं, आता काय राहिलं. मी शकुन-अपशकुन मानत नाही. मिलमध्ये मशीन चालवणारा माणूस आहे मी. पण बाबांची तब्येत त्या आठवड्यात बिघडली ती बिघडलीच. ऑक्सिजनचा आकडा वाढवून वाढवून संपला. सकाळच्या थंडीत त्यांना मैदानावर आणायलाच नको होतं, असं डॉक्टर म्हणाले. आणि ते आले होते ते मी "हो" म्हटलं म्हणून. शकुन मानला काय, डॉक्टरांचं मानलं काय, माझी सुटका कुठेच नव्हती. मी सुट्टी वाढवली, नोकरीवर परत गेलो नाही. टोपी घालून त्यांच्या खाटेशी बसून राहिलो. ते माझ्याशी बोलत नव्हते.

दोन आठवड्यांनी एका दुपारी आई अंगणात धान वाळायला घालत होती. बाबांनी मास्क बाजूला केला.

"न्हावी... कोनता होता?"

मला आधी कळलंच नाही. मग म्हटलं, "मंडईत आला होता. अर्जुनीकडला."

"इचारला नाही त्यानं?"

मी टोपी कानांवर ओढली. ते वाट बघत राहिले, छाती वरखाली होत होती.

"इचारल्याबिगर... न्हावी मिशीले हात नाही लावत. काय सांगितला त्याले?"

खोटं सांगता आलं असतं. त्याला काय, बाहेरगावचा माणूस, काहीही सांगितलं असेल म्हणता आलं असतं. पण ते माझ्याकडे बघत होते. मी टोपी काढली आणि त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. म्हटलं, "बाबा गेले, म्हणून सांगितलं."

त्यांनी मास्क लावून दोनदा श्वास घेतला आणि परत बाजूला केला.

"कवा गेलो... मनला?"

"सकाळी."

"अन् काटा? किती भरला?"

"चोपन्न नऊशे पन्नास."

ते छताकडे बघत होते. ओठ हलले, आवाज आला नाही, मग आला.

"मले मारून गेला," ते म्हणाले, "अन् एक पाइंट बी नाही आनला."

आई आत आली आणि तिनं त्यांना मास्क लावला. मला जे काही म्हणायचं होतं ते मी उद्या म्हणणार होतो. पहाटे त्यांना शुद्ध राहिली नाही, आणि तिसऱ्या दिवशी ते गेले.

दहाव्याला तलावावर माझ्या डोक्यावर कोवळी खुंटं होती, नखाएवढीही नाही. मिशीही तेवढीच. गावच्या न्हाव्यानं वस्तरा हातात घेतला आणि माझ्या मामांकडे पाहिलं. मामा म्हणाले, "फिरव नुसता. आता काय निंगन त्यातून." त्यानं फिरवला. बापासाठी जे द्यायचं असतं ते मी दीडशे ग्रॅमसाठी देऊन बसलो होतो, आणि तिथं बसलेल्या प्रत्येक माणसाला ते दिसत होतं. मी न्हाव्याला म्हटलं, जोरानं फिरव. दोन ठिकाणी कापलं. बरं वाटलं नाही.

आता मी एकाहत्तर किलोचा आहे, रोज दोन वेळा भात खातो, आणि मिलच्या काट्याकडे बघत नाही. आई म्हणते, ते शेवटचं वाक्य त्यांनी थट्टेनं म्हटलं, तू मनाला लावून घेऊ नको. मी तिला हो म्हणतो. पण माझ्या चौतीस वर्षांत मी बाबांना कोणाचीही थट्टा करताना पाहिलं नव्हतं.